सीटवरचे डाग आणि औषधाची बाटली



फडातून थेट गाडीत बसले की कापडी सीटवर डाग पडणारच. चिखल वाळू द्यावा, मग ब्रशने झाडावा. उसाचा रस कोमट पाण्याच्या फडक्याने टिपावा. दुधाला मात्र गार पाणी, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. ग्रीसवर टाल्कम पावडर टाकावी, मग साबणाचा फेस. घासू नये, कडेकडून मध्याकडे टिपावे. फोम भिजवू नये. दारे उघडून वाळवावे.

पण फवारणीचे औषध सांडले तर तो नुसता डाग नव्हे. एकदा माझ्याच गाडीत झाकण सैल राहिले. शेवटी फोम बदलावा लागला. त्याच सीटवर आपली लेकरे बसतात. बाटली ट्रॉलीतून, बंद खोक्यातच आणा.

— ऊस विकास अधिकारी