रक्त निर्मळ, पण मेंदूचे काय?

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे जुन्या पिढीच्या ‘थोरल्या दवाखान्या’त, एचआयव्हीबाधितांना औषधे मोफत मिळतात. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने ही योजना ज्या सहा राज्यांत प्रथम आरंभिली, त्यांत महाराष्ट्र होता. या औषधांनी असंख्य संसार सावरले, हे निर्विवाद. तथापि तपासणीच्या कागदावर ‘विषाणू आढळला नाही’ असा शेरा आला की रोग समूळ गेला, ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हा विषाणू पांढऱ्या पेशींच्या गुणसूत्रांत आपली प्रत घुसवून निद्रिस्त राहतो. औषध वाढत्या विषाणूला रोखते. निद्रिस्ताला त्याचा उपसर्ग पोहोचत नाही. मेंदू व मज्जारज्जू यांभोवती जो स्वच्छ द्रव खेळतो, त्याच्या एका घनमिलिमीटरमध्ये निरोगी माणसात पाचाहून अधिक पांढऱ्या पेशी सहसा नसतात. त्यांत बहुसंख्या असते ती पूर्वी भेटलेल्या रोगजंतूंची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशींची, आणि विषाणूला दडून बसायला नेमक्या याच सोयीच्या! २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात, कित्येक वर्षे औषध घेणाऱ्या ६९ जणांचा हा द्रव तपासला गेला. जवळजवळ निम्म्यांच्या पेशींत विषाणूची जनुकीय खूण सापडली, आणि बौद्धिक चाचण्यांत तेच मागे पडले. कार्यकारणभाव यातून सिद्ध होत नाही, हे खरे. शिवाय भारतात मुख्यतः आढळतो तो विषाणूचा ‘सी’ उपप्रकार. त्याचे ‘टॅट’ प्रथिन रक्तातील काही पेशींना आकर्षित करण्यात दुबळे असल्याचे बंगळूरच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले. तेव्हा परदेशी अनुमान येथे जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल. पण म्हणून स्वस्थ बसावे काय? पाठीतील पाणी काढायचे म्हटले की घरची मंडळी धास्तावतात, आणि प्रत्येक रुग्णाचे ते काढणे व्यवहार्यही नाही.

व्यवहार्य आहे ते निराळेच. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांतच सुप्त विषाणू डोके वर काढतो. हंगामात बीडकडून कोल्हापूरच्या कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड मजुराचे उपचारकेंद्र मात्र गावाकडेच राहते. औषध फुकट; ते आणण्यासाठी बुडणारी मजुरी फुकट नव्हे. स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना काही महिन्यांची औषधे एकदम देण्याची सोय आहे, ती गळीत हंगामाच्या वेळापत्रकाशी जोडावी. आणि विस्मरणाची प्राथमिक चाचणी प्रत्येक केंद्रावर व्हावी. चार शब्द सांगून थोड्या वेळाने ते पुन्हा विचारायचे, बोटांची हालचाल पाहायची. त्याला ना सुई लागते, ना प्रयोगशाळा.