मातीच्या फळाला रस कुठून येतो?



कलेच्या तासाला मुलं मातीचं सीताफळ करतात, आंबा करतात, सुकला की पोस्टर कलर देतात. छान दिसतं, पण कोरडं. फ्रान्समधल्या माजोलिका ताटल्यांवरची द्राक्षं मात्र शंभरेक वर्षांनंतरही ओलीच वाटतात. असं का?

या कलेचं मूळ सोळाव्या शतकातल्या बर्नार पालिसीकडे जातं. हा गडी खऱ्या सरड्यांचे, शिंपल्यांचे, पानांचे साचे घेऊन ताटं घडवायचा. झिलई जमेना आणि सरपण संपलं, तेव्हा घरातली टेबलं नि जमिनीच्या फळ्या भट्टीत घातल्या, असं त्यानंच लिहून ठेवलंय! पुढं १८४३ च्या सुमारास तूर गावच्या आव्हिसो या कुंभारानं ती रीत पुन्हा सुरू केली. मग कारखान्यांनी फळांच्या ताटल्या ढिगानं काढल्या.

गंमत रंगात नाही, झिलईत आहे. फळ उठावाचं असतं. भांडं एकदा भाजून त्यावर रंगीत झिलई देतात आणि पुन्हा भाजतात. वितळलेली झिलई खोलगट जागी साचते, तिथं रंग गडद होतो. उंचवट्यावर पातळ राहते, तिथं फिका. छटा आपोआप पडते. तांब्यानं हिरवा, मँगनीजनं जांभळा, कोबाल्टनं निळा.

पण ही झिलई कमी उष्णतेत वितळावी, चमकावी म्हणून तिच्यात शिसं असायचं. चिंच, लिंबू, ताक अशा आंबटात ते उतरू शकतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंही घातक. म्हणून अशी जुनी ताटली भिंतीवरच बरी. मग आपली लोणच्याची बरणी? ती चिनीमातीची, कितीतरी जास्त उष्णतेत भाजलेली; तिच्या झिलईला शिशाची गरजच नसते. जत्रेतलं झिलईचं भांडं कशाचं आहे ते कळत नसेल, तर त्यात आंबट वाढू नका.

मुलांना चिनीमातीचं काम दाखवायचं तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती आहे. कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघानं तिथं कुंभारकामाला नवं वळण दिलं. मुलचेऱ्याहून लांब पडतं खरं, चौकशी करूनच निघा.

तोवर वर्गात हे करा. ओल्या मातीच्या चकतीवर सागाचं पान उलट्या बाजूनं दाबा, अलगद काढा. चकती पूर्ण वाळली की पातळ कालवलेला गेरू फिरवा आणि ओलसर फडक्यानं वरवर पुसा. शिरांच्या खाचांत गेरू राहील, बाकी फिकं होईल. मग विचारा, "सावली कोणी काढली?"