बुल टेरियरचं पिल्लू घरात आलं तर

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाने बुल टेरियर आणि गावठी अशा संकराचं पिल्लू आणलं. ताई म्हणाल्या, "राखणीला गच्चीवर बांधून ठेवू." तिथेच आम्ही त्यांना थांबवायला हवं होतं.

ही जात इंग्लंडात बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून आली. १८६२ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी तिला पांढरं रूप दिलं. ताकद फार, हट्ट त्याहून जास्त, पण माणसांचा लळाही तेवढाच. एकटं बांधलं की कुढतं, चिडतं. लहान मुलं जवळ असताना मोठं माणूस हवंच.

पांढऱ्या पिल्लांत काही जन्मतः बहिरी निघतात. मागून टाळी वाजवून बघा. पांढरी कातडी उन्हाने भाजतेही. त्यात आपलं सोलापूरचं ऊन! मे महिन्यातल्या एका दुपारी ताईंचं कुत्रं धापा टाकत आडवं पडलं. त्यांनी अंगावर साधं पाणी ओतलं, पंखा लावला, रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं, म्हणून वाचलं. आता ते घरातच असतं; फिरणं पहाटे आणि रात्री.

भाकरी, उकडलेलं अंडं चालतं. कांदा-लसूण नको, म्हणजे आपली शेंगाचटणीही नको. द्राक्षं-बेदाणे मुळीच नाहीत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी. कुणाला चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.