पकड सुटू नये म्हणून

उज्जैनच्या भैरवगडात, क्षिप्रेच्या काठी, पिढ्यान्‌पिढ्या कापड छापलं जातं. भेरूगढ प्रिंट म्हणून देशभर माहीत असलेलं बाटिक इथलंच. ठशाचं काम करणारा कारागीर लाकडी ठसा रंगात टेकवून कापडावर आणतो, आधीच्या नक्षीशी कड जुळवतो आणि ठशाच्या पाठीवर मुठीनं ठोका देतो. कड जुळवताना बोटांची टोकं काम करतात, ठोका देताना अख्खी मूठ. बाटिकसाठी मेणाची रेघ ओढणाऱ्याचा हात याहून निराळा. त्याची लेखणी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीत असते.

जॉन नेपियर या ब्रिटिश अभ्यासकानं १९५६ साली हाताच्या पकडीचे हेच दोन मुख्य प्रकार मांडले: जोराची पकड आणि नेमकेपणाची पकड. त्याचं म्हणणं असं, की पकड वस्तूच्या आकारावर ठरत नाही, त्या वस्तूचं करायचं काय यावर ठरते. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण आपण आधी तळहातात आवळून फिरवतो. ते सैल झालं की तेच झाकण बोटांच्या टोकांनी उघडतो. पिशवी लटकवणारी आकड्यासारखी पकड आणि किल्ली फिरवताना तर्जनीच्या कडेवर दाबलेला अंगठा, ही आणखी दोन रूपं.

या सगळ्यामागे तीन नसा आहेत. रेडियल नस मनगट आणि बोटं मागे उचलते. मीडियन नस मनगटाच्या अरुंद बोगद्यातून तळहातात येते, अंगठ्याला बोटांसमोर आणते, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट व अर्ध्या अनामिकेला स्पर्श कळवते. तिसरी अल्नर. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती हिचीच. तळहातातले बहुतेक बारीक स्नायू तिच्या ताब्यात असतात. ती तळहातात शिरते करंगळीकडच्या कडेनं, आणि मुठीचा ठोका नेमका त्याच कडेवर बसतो. वर्षानुवर्षं असा मार बसला तर तिला इजा होऊ शकते.

अल्नर कमजोर झाल्याची एक खूण घरीही पाहता येते. अंगठा आणि तर्जनीची कड यांत कागद धरा आणि दुसऱ्याला तो ओढायला सांगा. अंगठ्याचं टोक वाकवूनच कागद धरता येत असेल, तर अंगठा आत ओढणारा स्नायू कमजोर झालेला आहे आणि मीडियन नसेचा स्नायू त्याचं काम करतो आहे. पुढे करंगळी आणि अनामिका पंज्यासारख्या वाकू लागतात. कुष्ठरोगात हातावर पहिला घाव बहुधा याच नसेवर पडतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या स्नायूंच्या कंडरा वळवून असे हात कामाला लावले. तोपर्यंत या बोटांची आशा बहुतेकांनी सोडलेली होती.

तुटलेली नस जोडल्यावर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. कोपरापासून हातापर्यंत पोचायला वर्षाच्या आसपास काळ लागतो. एवढ्या काळात सांधे आखडले, तर नस परत येऊनही हात चालत नाही. हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार, म्हणजे स्प्लिंट, लागतं ते इथे.

मनगट पूर्ण आत दुमडा आणि मूठ आवळून पाहा. जोर येत नाही. मनगट थोडं मागे घ्या, मूठ आपोआप घट्ट होते. म्हणून रेडियल नस गेलेल्या रुग्णाला मनगट वीस-तीस अंश मागे धरणारं स्प्लिंट देतात, आणि तो त्याच दिवशी पेला उचलू शकतो. बोगद्यात मीडियन दबली असेल तर रात्री मनगट सरळ ठेवतात. अल्नरच्या पंज्याला बोटांची मुळं मागे उलटू न देणारी छोटी पट्टी पुरते.

बनवायची रीत अशी. आधी हाताचा आकार कागदावर उतरवतात. त्या मापाचा प्लास्टिकचा तुकडा साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात मऊ करून हातावर बसवतात. काही मिनिटांत तो घट्ट होतो. स्प्लिंट कोपराखालच्या हाताच्या दोन-तृतीयांश लांबीचं असावं, आणि तळहातावरची आडवी रेघ मोकळी राहावी, नाहीतर बोटं वाकत नाहीत. काढल्यावर वीस मिनिटांत लाली गेली नाही, तर स्प्लिंट पुन्हा बदलायचं. बधिर हाताच्या माणसाला टोचलेलं कळत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत ही तपासणी चुकवून चालतच नाही.

स्प्लिंट बनवून हात पुन्हा कामाला लावणं हा ऑक्युपेशनल थेरपीचा भाग. ही विद्या आपल्याकडे रुजवण्याचं मोठं श्रेय कमला निंबकर यांना आहे. जन्मानं अमेरिकन, लग्नानं मराठी घरातल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा सुरू केली. दोनच वर्षांनी या व्यवसायाची जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं आहे. मात्र त्यांचं हे रुग्णालयातलं काम मराठी माणसाला फारसं ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शस्त्रक्रियेचं कौतुक होतं आणि हाताला पुन्हा कामावर नेणारा थेरपिस्ट मागे राहतो. ठसा, सुई, हातोडा, विळा यांवर जिथे संसार चालतात, अशा प्रत्येक जिल्ह्याच्या रुग्णालयात हे पद भरलेलं हवं. आणि तुमच्या करंगळीत किंवा अंगठ्यात मुंग्या टिकून राहिल्या, वस्तू हातून निसटू लागली, तर मालिशीत महिने घालवू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि स्प्लिंटची गरज आहे का, हे तिथेच विचारा.