पक्षावर राग आहे, पण मत कुणाला द्यायचं? २००६ मध्ये बुश यांचेच समर्थक असे अडकले होते

ऑक्टोबर २००६. अमेरिकेत निवडणूक महिन्यावर आलेली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश, आणि संसदेची दोन्ही सभागृहं त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात. अशात 'वॉशिंग्टन मंथली' नावाच्या मासिकात सात लेख एकत्र छापून आले. सगळ्यांचा सूर एकच होता : या वेळी रिपब्लिकन पक्ष हरलेलाच बरा.

विरोधकांनी असं लिहिलं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण लिहिणारे सातही जण उजव्या गोटातले होते. ब्रूस बार्टलेट आणि विल्यम निस्कानेन यांनी रेगन यांच्या सरकारात काम केलेलं. ब्रूस फाइन रेगन यांच्याच काळातले न्याय खात्यातले वकील. जो स्कारबोरो हे पक्षाचे माजी खासदार. ख्रिस्तोफर बक्ली यांचे वडील विल्यम बक्ली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' हे कंझर्व्हेटिव्हांचं मुखपत्र म्हणावं असं नियतकालिक सुरू केलेलं, आणि जेफ्री हार्ट त्याच नियतकालिकाचे ज्येष्ठ संपादक. सातवे रिचर्ड व्हिग्युरी. मतदारांना घरपोच पत्रं पाठवून निधी गोळा करण्याचं तंत्र उजव्या चळवळीत त्यांनीच रुजवलं.

थोडक्यात, ही घरातलीच माणसं होती. मग घरातल्याच माणसांना घर हरावं असं का वाटायला लागलं?

आधी 'मध्यावधी'चा घोळ सोडवू

आपल्याकडे मध्यावधी निवडणूक म्हटलं की सरकार पडलेलं असतं. तिकडे तसं नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडला जातो आणि त्याची दोन वर्षं झाली की ठरलेल्या तारखेला ही निवडणूक होते. प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या १०० पैकी साधारण एक तृतीयांश जागा तेव्हा निवडल्या जातात. राष्ट्राध्यक्ष स्वतः उमेदवार नसतो.

त्यामुळे पक्षाला झटका द्यायला ही निवडणूक सोयीची पडते, कारण राष्ट्राध्यक्ष कुठे जात नाही, फक्त त्याचे हात बांधले जातात. शिवाय मतदान कमी होतं. २००४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पात्र मतदारांपैकी साधारण ६० टक्के लोकांनी मत दिलं होतं, २००६ मध्ये साधारण ४० टक्क्यांनी. एवढ्या कमी मतदानात हक्काचा मतदार घरी बसला तर पक्षाचं गणितच कोलमडतं. हे पक्षालाही माहीत असतं आणि मतदारालाही.

राग कशाचा होता?

इराकचं युद्ध लांबलं होतं, 'कॅटरिना' चक्रीवादळानंतर सरकारची नाचक्की झाली होती, लाचखोरीची प्रकरणं बाहेर येत होती. हे सगळं देशालाच खुपत होतं. पण कंझर्व्हेटिव्हांचं खास दुखणं वेगळं होतं, ते म्हणजे खर्च. सरकार लहान असावं, कर कमी असावेत, उधळपट्टी नको, हा या मंडळींचा मूळ मंत्र. आणि उधळपट्टी करत होता त्यांचाच पक्ष.

नोव्हेंबर २००३ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या औषधांचा खर्च सरकारनं उचलायची योजना प्रतिनिधीगृहात आली. अंदाजे खर्च दहा वर्षांत सुमारे ४०० अब्ज डॉलर. मतदान पहाटे तीनच्या सुमारास सुरू झालं. एरवी पंधरा मिनिटांत आटोपणारं हे काम जवळपास तीन तास लांबवलं गेलं, कारण पक्षाचेच काही खासदार विरोधात होते आणि त्यांची मनधरणी चालू होती. शेवटी २२० विरुद्ध २१५ मतांनी विधेयक पास झालं.

दुसरा किस्सा अलास्कातला. केचिकन या छोट्या गावाजवळ ग्रॅव्हिना नावाचं बेट आहे. वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. तिथे पूल बांधायला २००५ च्या रस्ते विधेयकात २२.३ कोटी डॉलर ठेवले गेले. खरं तर गावाचा विमानतळ त्याच बेटावर आहे, त्यामुळे मागणी अगदीच वेडगळ नव्हती. पण फेरीबोट चालू असताना एवढा पैसा? 'कुठेच न जाणारा पूल' हे नाव त्याला चिकटलं ते कायमचं. सिनेटर टॉम कोबर्न यांनी हा पैसा कॅटरिनात मोडलेल्या लुइझियानातल्या पुलाकडे वळवायचा प्रस्ताव आणला. अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स भडकले आणि राजीनाम्याची धमकी देऊन बसले. दोघेही रिपब्लिकन. प्रस्ताव ८२ विरुद्ध १५ मतांनी पडला. पुढे टीका इतकी वाढली की पुलाची अट काढली गेली, पैसे मात्र अलास्काकडेच राहिले.

त्या विधेयकात खासदारांनी आपापल्या मतदारसंघासाठी घुसवलेली अशी सहा हजारांवर कामं होती. १९८७ मध्ये दीडशेच्या आसपास अशी कामं होती म्हणून रेगन यांनी रस्ते विधेयकावर नकाराधिकार वापरला होता. बुश यांनी पहिल्यांदा नकाराधिकार वापरला तो थेट जुलै २००६ मध्ये, आणि तोही खर्चावर नव्हे, मूलपेशींच्या संशोधनावर.

'धडा शिकवा' विरुद्ध 'आत्ता नको'

एका बाजूचं म्हणणं असं की दर वेळी 'समोरचे त्याहून वाईट' म्हणत मत देत राहिलो तर पक्ष आपल्याला गृहीत धरणारच. मत मिळणारच आहे हे ठाऊक असेल तर सुधारायचं कशाला? निस्कानेन यांचा मुद्दा जास्त हिशोबी होता. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि संसद दुसऱ्याची असली की सरकारी खर्च कमी वाढतो, असं ते आकडेवारी मांडून सांगत.

दुसरी बाजू म्हणत होती, पक्षावर रागवा, पण न्यायाधीशांचं काय? सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स तेव्हा ८६ वर्षांचे होते. न्यायमूर्तींची नेमणूक तहहयात असते आणि तिला सिनेटची मंजुरी लागते. सिनेट गेली की हवा तसा न्यायमूर्ती मिळणं कठीण. चार वर्षांचा राग काढायला जावं आणि तीस वर्षांचं नुकसान करून बसावं, यात शहाणपण काय?

गंमत म्हणजे राग दाखवून काम होतं, हे याच न्यायालयाच्या बाबतीत वर्षभरापूर्वी दिसलं होतं. ३ ऑक्टोबर २००५ रोजी बुश यांनी आपल्या विश्वासू वकील हॅरिएट मायर्स यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी जाहीर केलं. त्या कधीच न्यायाधीश नव्हत्या. डेमोक्रॅटांच्या आधी कंझर्व्हेटिव्हच तुटून पडले. चोवीस दिवसांत मायर्स यांनी माघार घेतली आणि त्यांच्या जागी सॅम्युअल अलिटो आले, जे कंझर्व्हेटिव्हांना हवे तसे होते. म्हणजे मतदान न करताच समर्थकांनी राष्ट्राध्यक्षाला झुकवलं होतं.

तिकडची बंडखोरी वेगळी

महाराष्ट्रात तिकीट कापलं की माणूस अपक्ष अर्ज भरतो. अमेरिकेत तिकीट 'वरून' येत नाही. पक्षाचा उमेदवार कोण हे मतदार 'प्रायमरी' या पक्षांतर्गत निवडणुकीत ठरवतात. त्यामुळे बंडखोरी तिथेच होते. तिथे हरलेल्याला पुन्हा अपक्ष उभं राहता येऊ नये असे नियम बहुतेक राज्यांत आहेत.

२००६ मधली सगळ्यात बोलकी प्रायमरी झाली ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात. तिथले रिपब्लिकन सिनेटर लिंकन चेफी पक्षात असून नसल्यासारखे. २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणारे ते एकमेव रिपब्लिकन सिनेटर. अलिटो यांच्याविरुद्ध मत देणारेही पक्षातले तेच एकटे. २००४ मध्ये तर त्यांनी बुश यांना मतच दिलं नाही, मतपत्रिकेवर त्यांच्या वडिलांचं नाव लिहून आले. त्यांच्यासमोर क्रॅन्स्टन शहराचे महापौर स्टीव्ह लॅफी उभे राहिले. ते पक्के कंझर्व्हेटिव्ह.

आणि पक्षनेतृत्व कुणाच्या मागे उभं राहिलं? चेफी यांच्या. कारण लॅफी जिंकले तर नोव्हेंबरमध्ये जागा नक्की जाणार असा हिशोब होता. पक्षाचा पैसा लॅफी यांच्याविरुद्धच्या जाहिरातींवर गेला. कोणत्याही पक्षात नोंद नसलेल्या मतदारांनाही तिथे प्रायमरीत मत देता येतं, त्याचा फायदा चेफी यांना झाला आणि ते साधारण ५४-४६ असे निवडून आले. ज्यांनी पक्षाला दर वेळी तोंडघशी पाडलं त्यांच्यासाठी पक्ष धावला आणि निष्ठावंतांच्या उमेदवाराला पाडलं. नाराजांना आणखी काय पुरावा हवा होता?

७ नोव्हेंबरला काय झालं?

रिपब्लिकन पक्ष आपटला. डेमोक्रॅटांनी प्रतिनिधीगृहात ३१ जागा जास्त मिळवल्या. सिनेटही गेली, अगदी थोडक्यात, ५१-४९. व्हर्जिनियात जॉर्ज ॲलन नऊ हजारांच्या आसपास मतांनी हरले. (भारतीय वंशाच्या एका तरुण कार्यकर्त्याला भर सभेत 'मकाका' म्हणणारे ते हेच. तो व्हिडिओ यूट्यूबवर फिरला आणि ॲलन यांची गाडी तिथून घसरली.) मोंटानात कॉनराड बर्न्स साधारण साडेतीन हजार मतांनी पडले, आणि तिथे लिबर्टेरियन पक्षाच्या उमेदवारानं दहा हजारांवर मतं घेतली. ती सगळीच मतं नाराज रिपब्लिकनांची होती असं म्हणता येणार नाही, आणि बर्न्स यांच्यावर लाचखोर दलालाशी जवळीक असल्याचे डागही होते. पण ही एक जागा वाचली असती तरी सिनेट ५०-५० झाली असती आणि उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या निर्णायक मतावर पक्षाकडेच राहिली असती.

मग नाराज कंझर्व्हेटिव्हांनीच पक्षाला पाडलं का? मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत वेगळं चित्र दिसतं. स्वतःला कंझर्व्हेटिव्ह म्हणवणाऱ्यांपैकी सुमारे ७८ टक्क्यांनी रिपब्लिकनांनाच मत दिलं. एकूण मतदारांत त्यांचा वाटा २००४ मध्ये ३४ टक्के होता, तो ३२ वर आला. म्हणजे थोडे घरी बसले, थोडे फिरले, पण बहुतेक जण चडफडत का होईना परत आले. खरी दाणादाण उडवली ती कुंपणावरच्यांनी. अपक्ष मतदार सुमारे ५७-३९ असे डेमोक्रॅटांकडे गेले.

दुसऱ्याच दिवशी, ८ नोव्हेंबरला, रेडिओवरचे कंझर्व्हेटिव्हांचे लाडके निवेदक रश लिंबॉ श्रोत्यांना म्हणाले की आता मोकळं वाटतंय, लायकी नसलेल्यांची बाजू यापुढे सांभाळत बसावी लागणार नाही. महिनोन्‌महिने ते पक्षासाठी किल्ला लढवत होते. श्रोत्यांचा प्रश्न साहजिक होता, लायकी नव्हती तर आधी का नाही सांगितलं?

शिक्षा झाली कुणाला?

इथेच या सगळ्या वादाची गोची आहे. चेफी हरले. मतदानोत्तर पाहणीत साठ टक्क्यांहून जास्त लोक त्यांच्या कामावर खूश होते, तरीही. लोकांना त्यांना नव्हे, बुश यांच्या पक्षाला पाडायचं होतं. आयोवाचे जिम लीच हरले. इंडियानाचे जॉन होस्टेटलर हरले. इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध प्रतिनिधीगृहात फक्त सहा रिपब्लिकनांनी मत दिलं होतं, त्यातले हे दोघे. ज्या युद्धासाठी लोक पक्षावर चिडले होते, त्याला विरोध करणारेच घरी गेले. तिकडे टेड स्टीव्हन्स यांची जागा त्या वर्षी निवडणुकीला नव्हतीच.

पेनसिल्व्हेनियात कट्टर कंझर्व्हेटिव्ह रिक सँटोरमही दणकून आपटले, त्यामुळे फक्त मवाळच गेले असं नाही. पण लाट येते तेव्हा पहिल्यांदा काठावरच्या जागा वाहून जातात, आणि काठावरच्या जागांवर बहुधा मवाळ माणसंच बसलेली असतात. सुरक्षित मतदारसंघातल्याला काही होत नाही.

न्यायाधीशांबद्दलची भीतीही खरी ठरली, थोडी उशिरा. २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदही गेलं. २००९ मध्ये डेव्हिड सूटर आणि २०१० मध्ये स्टीव्हन्स निवृत्त झाले आणि दोन्ही जागा बराक ओबामा यांनी भरल्या. खर्चावरून चिडलेल्यांच्या वाट्याला ७८७ अब्ज डॉलरची मदत योजना आणि नवा आरोग्य विमा कायदा आला. 'धडा शिकवा' म्हणणाऱ्यांचं उत्तर असं की त्यामुळेच तर २०१० मध्ये पक्ष नव्या दमानं ६३ जागा जास्त घेऊन परतला. चार वर्षांत किती मोजावं लागलं, यावर दोन्ही बाजूंचं अजून एकमत नाही.

त्यानंतर मात्र नाराजांनी हत्यार बदललं. नोव्हेंबरमध्ये घरी बसण्यापेक्षा प्रायमरीतच हिशोब चुकता करायचा. २०१४ मध्ये प्रतिनिधीगृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर यांना एका अनोळखी प्राध्यापकानं प्रायमरीत हरवलं. त्या पदावर असताना प्रायमरी हरणारे ते पहिलेच.

आणि आता?

हे हत्यार आता मतदारांच्या हातात कमी आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्या हातात जास्त आहे. जॉर्जियाच्या खासदार मार्जोरी टेलर ग्रीन एकेकाळी ट्रम्प यांच्या सगळ्यात कडव्या समर्थक. २०२५ मध्ये एपस्टीन प्रकरणाची कागदपत्रं, महागाई, परदेशातली युद्धं अशा मुद्द्यांवर त्यांचं बिनसलं. एच-वन-बी व्हिसाही त्यातलाच. अमेरिकेत काही कामांसाठी पुरेसं कौशल्य नाही, असं ट्रम्प नोव्हेंबरमध्ये म्हणाले तेव्हा त्यांचेच समर्थक खवळले, आणि ग्रीन यांनी हा व्हिसाच बंद करायची भाषा केली. पुण्या-मुंबईत व्हिसाची वाट बघत बसलेल्यांचा या पक्षांतर्गत भांडणाशी संबंध येतो तो असा.

ट्रम्प यांनी ग्रीन यांचा पाठिंबा काढला आणि प्रायमरीत दुसऱ्याला बळ द्यायची तयारी दाखवली. ग्रीन लढल्या नाहीत. आपल्या मतदारसंघाला कडवट प्रायमरी सोसायला लावायची नाही, आणि मध्यावधीत पक्ष बहुधा हरेल, असं सांगत त्यांनी ५ जानेवारी २०२६ पासून खासदारकी सोडली. मध्यावधी निवडणुकीची तारीख आहे ३ नोव्हेंबर २०२६.