स्वयंपाकघरातील टेबलापासून : सिएरा ऑन-लाइन

दूरच्या मोठ्या संगणकाला तारेने जोडलेल्या, स्वतः कोणतीही आकडेमोड न करणाऱ्या यंत्राला टर्मिनल म्हणत आणि अशा जोडणीवर चालणाऱ्या कामाला त्या काळी ‘ऑन-लाइन’ हे विशेषण लावले जाई. केन व रॉबर्टा विल्यम्स या कॅलिफोर्नियातील दांपत्याने आपल्या घरगुती व्यवसायाला ‘ऑन-लाइन सिस्टिम्स’ हे नाव दिले, ते याच अर्थाने. केन यांनी कामासाठी घरी आणलेल्या टर्मिनलवर रॉबर्टा यांनी १९७९ मध्ये ‘कोलोसल केव्ह’ हा केवळ शब्दांतून खेळला जाणारा गुहेचा खेळ खेळला, आणि दोन लहान मुलांचा सांभाळ करीत स्वयंपाकघरातील टेबलावर स्वतःच्या खेळाची आखणी सुरू केली. केन यांनी त्याची आज्ञावली लिहिली, रॉबर्टा यांनी रेघांची साधी चित्रे काढली, आणि मे १९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’ हा चित्रे असलेला पहिला साहसखेळ, म्हणजे कोडी सोडवीत कथा पुढे नेण्याचा खेळ, अॅपल-२ संगणकासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून विकला जाऊ लागला.

पुढे हे कुटुंब योसेमिटीजवळच्या डोंगराळ भागात राहायला गेले आणि त्या डोंगरांवरून १९८२ मध्ये संस्थेच्या नावात ‘सिएरा’ आले. १९८३ च्या व्हिडिओ-खेळांच्या मंदीत ती बुडता बुडता वाचली. आयबीएम या संगणक कंपनीच्या सांगण्यावरून तयार झालेल्या ‘किंग्ज क्वेस्ट’ या साहसखेळाने १९८४ मध्ये तिला खरी ओळख दिली; ज्या संगणकासाठी हा खेळ बनवला, तो संगणक मात्र बाजारात चालला नाही.

‘किंग्ज क्वेस्ट’ची पुढे मालिका झाली, आणि तिचा विषयही एक कुटुंबच आहे : राजा, राणी, हरवलेला मुलगा, आजारी पित्यासाठी औषधी फळ शोधणारी मुलगी. पहिल्या भागात राक्षसाला मारण्यापेक्षा तो झोपेपर्यंत थांबणाऱ्याला अधिक गुण मिळतात. मोक्षपटात, म्हणजे जुन्या सापशिडीत, सद्गुणाची शिडी चढणे पडणाऱ्या दानावर अवलंबून असते. येथे ते खेळाडूच्या निवडीवर सोपवलेले आहे, आणि बोधाची ही रीत अधिक प्रौढ म्हणावी लागेल. तथापि तिच्यात एक कठोरपणाही आहे. पाचव्या भागात (१९९०) मांजर पाठीस लागलेल्या उंदराला काही क्षणांत वाचवावे लागते. तो उंदीर पुढे तळघरात बांधलेल्या राजाचे दोर कुरतडतो. सिंह-उंदराची ही परिचित गोष्ट खरी, पण ती संधी हुकलेल्याला आपण कोठे चुकलो हे खेळ सांगत नाही, आणि बराच वेळ खेळून झाल्यावर त्याच तळघरात त्याचा शेवट होतो. कारण न सांगता छडी मारणाऱ्या मास्तरांची येथे आठवण झाल्यास नवल नाही.

नावातील ‘ऑन-लाइन’ला आजचा अर्थ मिळाला तो १९९१ मध्ये. घरी एकट्या पडलेल्या आपल्या आजीसारख्या वृद्धांना दूरच्या माणसांबरोबर पत्ते खेळता यावेत, या केन यांच्या विचारातून ‘सिएरा नेटवर्क’ ही दूरध्वनीच्या तारेवरून चालणारी वर्गणीची सेवा सुरू झाली. घरोघरी इंटरनेट पोहोचण्यापूर्वीचे हे धाडस होते. नाव बदलून ती सेवा एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीकडे व तेथून १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीकडे गेली. त्याच वर्षी दांपत्याने मूळ संस्थाही सीयूसी या कंपनीला विकली, आणि दोन वर्षांत त्या कंपनीच्या हिशेबांतील मोठी अफरातफर उघडकीस आली. सिएराची डोंगरातील ओकहर्स्ट गावची खेळनिर्मिती २२ फेब्रुवारी १९९९ रोजी बंद करण्यात आली.