एजंट ऑरेंज आणि धुऱ्यावरची पऱ्हाटी

शुक्रवारी, २७ जून २०२५ला, सोडमचा 'दि आर्सनिस्ट' आला. मेटल ऐकणाऱ्यांना ही बातमी सांगायला नको. बाकीच्यांना सोडम हा चाळीस वर्षं उलटून गेलेला जर्मन थ्रॅश मेटल बँड आहे, एवढी ओळख पुरे. नव्या अल्बमचं परीक्षण मी इथे करणार नाही. त्याच्या निमित्ताने मी याच बँडचा १९८९चा 'एजंट ऑरेंज' पुन्हा लावला, आणि तो ऐकताना माझं सगळं ध्यान मोताळा तालुक्यातल्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेलं. का गेलं, ते सांगायचं आहे.

सोडम १९८२चा, गेल्सेनकिर्शेनचा. रूर खोऱ्यातलं हे कोळशाचं शहर. बँडचा गायक आणि बेस वाजवणारा टॉम एंजलरिपर खाणीत काम करायचा. दुसऱ्या महायुद्धात या खोऱ्यातल्या शहरांवर बॉम्बचा पाऊस पडला होता. 'एजंट ऑरेंज'मधल्या एका गाण्याचं नाव 'आउसगेबॉम्ब्ट' आहे, म्हणजे बॉम्बहल्ल्यात घरदार गेलेला. रूरमध्ये वाढलेल्या पोरांना हा शब्द कोशात शोधावा लागला नसणार, तो आजीच्या तोंडी असणार.

याच अल्बममधलं 'मॅजिक ड्रॅगन' हे गाणं व्हिएतनाममध्ये रात्री आकाशातून गोळ्यांची धार सोडणाऱ्या अमेरिकी विमानावर आहे. 'रिमेम्बर द फॉलन' पडलेल्या सैनिकांसाठी आहे, आणि बाकी सगळा अल्बम धावत असताना ते जाणूनबुजून जड पावलांनी चालतं. अल्बम युद्धांत मेलेल्या सैनिकांना आणि सामान्य माणसांना अर्पण केलेला आहे. तो पश्चिम जर्मनीच्या विक्रीच्या यादीत ३६व्या क्रमांकापर्यंत गेला. कानठळ्या बसवणाऱ्या संगीतासाठी तेव्हा ही मोठीच मजल होती. पण मला थांबवतं ते शीर्षकगीत. सहा मिनिटांचं हे गाणं एका तणनाशकावर आहे.

पिंपावरचा नारिंगी पट्टा

एजंट ऑरेंज हे नाव पिंपावरच्या नारिंगी पट्ट्यावरून पडलं. आत दोन तणनाशकं साधारण निम्मी निम्मी मिसळलेली असत. एक २,४,५-टी आणि दुसरं २,४-डी. दुसरं नाव वाचून आपल्याकडचा कुठलाही शेतकरी मान वर करील. 'टू-फोर-डी' आजही कृषी केंद्राच्या फळीवर असतं. मक्यात, ज्वारीत, उसात, धुऱ्यावर ते मारलं जातं. निंदणाला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून मारलं जातं.

त्याचं काम कसं चालतं हे एकदा समजून घेतलं की ते गाणं वेगळं ऐकू येतं. रोपाच्या अंगात वाढीचं एक संप्रेरक असतं, ऑक्सिन. टू-फोर-डी त्याचं सोंग घेतं. रुंद पानांच्या झाडाला वाढायचा हुकूम मिळतो आणि तो थांबतच नाही. खोड पिळवटतं, पानं आकसतात, झाड वाढता वाढता मरतं. मका, ज्वारी, गहू ही गवताच्या कुळातली पिकं त्यातून वाचतात. कपाशी, तूर, सोयाबीन वाचत नाहीत, आणि कपाशी तर त्याच्या नुसत्या वाऱ्यानेही आजारी पडते.

आमच्या काकांच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, एका वर्षी हा वारा लागला. शेजारच्या मक्यात दुपारी फवारणी झाली, वारं आमच्या बाजूचं होतं. आठवड्याभरात नवी पानं बोटांसारखी लांबट आली, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या. आमच्याकडे अशा वेळी पऱ्हाटीची भेंडी झाली म्हणतात, कारण पान हुबेहूब भेंडीच्या पानासारखं दिसतं. पात्या गळाल्या. काकांनी त्या वर्षापासून तणनाशकाचा पंप वेगळा केला, त्यावर लाल रंगाने फुली मारली आणि कीटकनाशकाच्या पंपाशेजारी तो ठेवूही दिला नाही. पंप नीट धुतला नाही तरी पुढच्या फवारणीत पीक जातं, हे ज्याने भोगलंय तो विसरत नाही.

आता या फवारणीचं प्रमाण बदलून पाहा. मक्यात आपण एकराला लिटरभराच्या आत औषध घेतो, तेही भरपूर पाण्यातून. व्हिएतनाममध्ये विमानातून पाणी न घालता एकराला सुमारे ११ लिटर ओतलं गेलं. १९६२ ते १९७१ या काळात तिथे फवारलेल्या सगळ्या तणनाशकांची बेरीज ७ कोटी लिटरच्या पुढे जाते आणि त्यात अर्ध्याहून जास्त वाटा एजंट ऑरेंजचा. जंगलाची पानं झडावीत म्हणजे शत्रू दिसेल, हा एक हेतू. दुसरा हेतू पिकं मारण्याचा होता, म्हणजे शत्रूला अन्न मिळणार नाही. ती पिकं कुणाच्या तरी मामाची, कुणाच्या तरी काकांची होती.

त्याहून मोठं विष कुणी मुद्दाम घातलंही नव्हतं. २,४,५-टी तयार होताना तापमान हाताबाहेर गेलं की टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन तयार होतं आणि मालात राहून जातं. ते मातीत, गाळात, माशांत, माणसाच्या चरबीत बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. बिएन होआच्या विमानतळावरची माती स्वच्छ करण्याचं काम २०१९मध्ये सुरू झालं, म्हणजे शेवटचं पिंप रिकामं झाल्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. आपल्या दुकानातलं टू-फोर-डी म्हणजे एजंट ऑरेंज नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण दोघांचा जन्म एकाच घरातला आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड-अमेरिकेत या रसायनांवर गुप्तपणे काम झालं, शत्रूची पिकं त्यांनी मारता येतील का हेही तपासलं गेलं, आणि युद्ध संपल्यावर ती शेतीच्या बाजारात आली.

कीटकनाशकांची वाट उलट्या दिशेने गेली. १९३६मध्ये गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ लेव्हरकुसेनमध्ये किडी मारायचं औषध शोधत होता. सापडला तो ताबून, मज्जासंस्था बंद पाडणारा युद्धातला वायू. लेव्हरकुसेन सोडमच्या गावापासून फार लांब नाही. ताबूनच्या त्याच सेंद्रिय फॉस्फरस कुळातलं मोनोक्रोटोफॉस आपण कपाशीवर मारत आलो. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. तिथे युद्ध नव्हतं. पण मरणाची रीत युद्धातल्या वायूचीच होती, आणि या मरणावर विदर्भात अजून एकही गाणं गाजलेलं मी ऐकलेलं नाही.

लांबचं युद्ध लांब नसतं

लांबचं युद्ध लांब नसतं, हे आमच्या बुलडाणा जिल्ह्याला नव्याने शिकायची गरज नाही. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लिव्हरपूलला पोहोचेना, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली. खामगावचा कापूसबाजार फुगला. १८७०मध्ये जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला तेव्हा उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. पण युद्ध १८६५लाच संपलं होतं आणि चढे भाव ओसरले होते. ज्यांनी त्या भावाच्या भरवशावर ज्वारी सोडून कापूस धरला, त्यांच्या घरी कर्ज राहिलं. मरणारी माणसं व्हर्जिनियात होती, हिशेब मात्र खामगावच्या वहीत लिहिला गेला.

२०२५ची अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला आली. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला नेहमीप्रमाणे वर्षाच्या अंदाजाची घटमांडणी झाली. त्या घटात मसूर परकीय शत्रूसाठी ठेवतात आणि करडई देशाच्या संरक्षणासाठी. म्हणजे आमच्या शेतकऱ्याने पावसाचा आणि युद्धाचा अंदाज पूर्वीपासून एकाच घटात मांडला आहे. योगायोग असा, की त्याच दिवशी सायगाव पडल्याला आणि व्हिएतनाम युद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली. आणि पुढच्याच आठवड्यात, ७ ते १० मे, आपल्या सीमेवर तोफा धडाडल्या. त्या चार दिवसांत फोनवर किती वीररस वाहिला ते आठवा. या जिल्ह्याने १४ फेब्रुवारी २०१९ला पुलवामात दोन जवान गमावले, एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. त्यांच्या अंत्ययात्रेची गर्दी सगळ्यांना आठवते. त्यानंतरच्या घराचं गाणं कुणी केलं का?

आपल्या परंपरेत त्याला जागा आहे. १९४३मध्ये अण्णाभाऊ साठेंनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' लिहिला. मुंबईच्या गिरणीत राबलेल्या या माणसाने तेव्हा रशिया पाहिला नव्हता, तो गेला १९६१ला. टॉम एंजलरिपरही व्हिएतनामला लढला नव्हता. एक कापडगिरणीतला, एक कोळशाच्या खाणीतला, आणि दोघांनी न पाहिलेलं युद्ध गायलं. मला वाटतं, रोज अंग झिजवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या अंगाची किंमत लवकर कळते. अण्णाभाऊंनी डफ-तुणतुण्यावर झुंजीचा पोवाडा गायला, पण बंगालच्या दुष्काळात उपाशी मेलेल्यांसाठी 'बंगालची हाक'ही त्यांनीच दिली. तो दुष्काळही युद्धाच्याच काळातला. झुंज आणि हाक, दोन्ही एकाच गळ्यातून आली.

सोडमवर माझा आक्षेपही आहे. २००१मध्ये त्यांनी व्हिएतनामवरच पूर्ण अल्बम केला, 'एम-१६'. बंदुकीचं नाव घेतलं की बंदुकीचं आकर्षणही आत शिरतं. गिटार इतकी धारदार वाजते की ऐकणारा विमानात बसलेल्याच्या बाजूने जातो, खाली भातात उभ्या असलेल्याच्या नाही. हे थ्रॅशचं जुनं दुखणं आहे. म्हणून मला 'एजंट ऑरेंज' हे गाणं अधिक खरं वाटतं. त्यात हत्यार दिसत नाही. त्यात फवारा आहे, आणि फवाऱ्याला शौर्य चिकटवता येत नाही.

मुंबईचा सेप्टर हा थ्रॅश बँड १९९८पासून वाजवतो आहे. स्त्रियांवरच्या अत्याचारांवर त्यांनी २०१३ला 'एज ऑफ कलॅमिटी' हा अख्खा अल्बम काढला. म्हणजे हे संगीत आपल्या मातीतल्या दुःखावर बोलू शकतं, हे सिद्ध झालं आहे. खामगाव-मलकापुरात गिटार घेऊन बसलेली पोरं मला माहीत आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच, व्हिएतनाम शोधायला लांब जाऊ नका.

सोडमच्या अल्बमांवर एक सैनिक पुन्हा पुन्हा दिसतो. त्याच्या तोंडावर गॅस मास्क असतो. काल संध्याकाळी धुऱ्याने येताना एक मजूर मक्यात फवारताना दिसला. पाठीवर पंप, पायात चप्पल, तोंडाला नुसता रुमाल. वारं त्याच्याकडेच वाहत होतं. मी बांधावरून हाक मारली, त्याने रुमाल खाली ओढला आणि हसून विचारलं, काय म्हणता दादा.